नावाआधीची मोकळी जागा



शिंदखेड्यात सरांच्या नावानं होणाऱ्या या व्याख्यानमालेचं यंदाचं पुष्प गुंफायला या, असा निरोप आला तेव्हा विषय मीच मागून घेतला. कार्यकर्त्यांनी सुचवलेले विषय मोठे होते. शिक्षणाचं भवितव्य, मातृभाषा आणि इंग्रजी, असे. मी म्हटलं, मला एका लहानशा शब्दावर बोलू द्या. इंग्रजीतला 'द'. तो नावाच्या आधी कुठे लावायचा नाही, एवढंच मी आज बोलणार आहे. सर म्हणजे आमचे इंग्रजीचे शिक्षक. ते गेल्यानंतर त्यांच्या आठवणी पुष्कळांनी सांगितल्या. माझ्यापाशी आहे ती ही एक, आणि सबंध आयुष्य मी त्याच शिदोरीवर इंग्रजी शिकवलं.

लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोसायटीचं गोदाम होतं. त्यावर पत्र्याची पाटी. पाटीवर आधी 'दि', मग गावाचं नाव, मग विविध कार्यकारी सहकारी सोसायटी लिमिटेड. मला वाटायचं, 'दि' म्हणजे दिनांक, आणि तारीख घालायची राहून गेलीय. वडिलांबरोबर खताच्या रांगेत उभा असताना मी दर वेळी ती तारीख शोधायचो. आपल्या खानदेशात अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात. जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर दिसतात, पतपेढीवर दिसतात. आपल्या जिल्हा बँकेचं रीतसर नावसुद्धा 'दि धुळे अँड नंदुरबार डिस्ट्रिक्ट सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक' असंच आहे. इंग्रजीचं उपपद मराठी अक्षरांत येऊन बसलंय आणि ते काय आहे हे कुणी विचारत नाही. मी विचारलं. आठवीत होतो. सर म्हणाले, "तो दि गावाचा नाही रे, सोसायटीचा आहे. गाव मध्ये येऊन बसलं म्हणून तुला गावाचा वाटतो."

तेव्हा ते कानावरून गेलं. कळायला एक फजिती व्हावी लागली.

अकरावी मॅट्रिक झाल्यावर मी एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी इंग्रजीतून अर्ज केला होता. अर्ज स्वतःच लिहायचा, कुणाला दाखवायचा नाही, असा माझा हट्ट. त्यात दोन वाक्यं अशी होती: 'आय अॅम रेसिडेंट ऑफ द शिंदखेडा. माय हाउस इज ऑन बँक ऑफ बुराई.' मुलाखतीला बसलेल्या साहेबांनी ती मोठ्यानं वाचली आणि इंग्रजीतच विचारलं, कोणतं शिंदखेडा? किती आहेत? शेजारचे दोघं हसले. मला प्रश्नही कळला नाही आणि हसणंही कळलं नाही. संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत आलो. स्टेशनावरून घरी न जाता थेट सरांकडे गेलो आणि अर्जाची नक्कल पुढे ठेवली.

सरांनी ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि "चल" म्हणाले. आम्ही बुराईवर गेलो. वैशाख होता. पात्रात पाणी नव्हतं, खड्डे करून बायका झिऱ्यातून पाणी भरत होत्या. सर वाळूत बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "प्रश्न बरोबर विचारला त्यांनी. हसायला नको होतं."

मग त्यांनी समजावलं. 'द' हा शब्द 'कोणता?' या प्रश्नाचं उत्तर आहे. 'द वेल' म्हटलं की ऐकणाऱ्याला खूण पटते की ती आपली विहीर, तुला ठाऊक असलेली. विहिरी हजार असतात, म्हणून खूण द्यावी लागते. पण शिंदखेडा म्हटल्यावर कोणतं, हा प्रश्न उरतच नाही. नावानं तो आधीच मिटवलाय. मिटलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, म्हणजे शिंदखेडे दोन आहेत की काय! साहेबांनी विचारलं ते हेच.

"मग नदीचंही नावच आहे की," मी म्हटलं. "बुराई एकच आहे."

त्यावर सर खूश झाले. हा प्रश्न यावा म्हणूनच त्यांनी मला तिथे आणलं होतं, असं मला आज वाटतं. ते म्हणाले, इंग्रज माणूस नदीचं नाव ऐकतो तेव्हा त्यात 'रिव्हर' हा शब्द दडलेला असतो. 'द रिव्हर बुराई' मधला रिव्हर बोलता बोलता गळतो, 'द' मात्र जागेवर राहतो. हे पात्र बघ, पाणी आटलंय पण काठ आहेत की नाही? तसंच. गावाच्या नावात असा कोणताही शब्द दडलेला नसतो, म्हणून तिथे काठही नाही.

काठाची ही उपमा माझ्या मनातून आजही जात नाही. समुद्र, महासागर, वाळवंट, कालवा, या सगळ्यांना ती लागू पडते. 'द अरेबियन सी', 'द थर', 'द सुएझ'. डोंगरांची रांग असेल तर रांग हा शब्द दडलेला, आणि वर अनेकवचन, म्हणून 'द सातपुडाज'. पण त्याच सातपुड्यातलं एकटं शिखर घेतलं, दिवाळीत आपले आदिवासी बांधव यात्रेला चढतात ते अस्तंभा, की 'द' गेला. तोरणमाळला नाही, एव्हरेस्टला नाही. पुढे सर वर्गात एक वाक्य भाषांतराला घालू लागले आणि मीही ते चाळीस वर्षं घातलं: पांझरा मुडावदला तापीला मिळते. आपल्याच तालुक्यातलं वाक्य. कपिलेश्वराच्या देवळाखाली उभं राहून डोळ्यांनी बघता येतं. 'द पांझरा मीट्स द तापी अॅट मुडावद.' दोन नद्यांना दोन 'द', आणि गावाआधी जागा मोकळी. हे एक वाक्य ज्याला बिनचूक जमलं त्याला या विषयातलं निम्मं आलं, असं मी खात्रीनं सांगतो.

आता माणसांच्या नावांकडे येतो. या भागात हा मुद्दा समजावायला पाटील या शब्दासारखा दुसरा शब्द नाही. दारात कुणी येऊन गेलं, आणि घरातल्या पोरानं इंग्रजीत निरोप लिहून ठेवला. नुसतं 'पाटील केम' लिहिलं तर आडनाव झालं. आपल्या ओळखीचे, नेहमीचे पाटील येऊन गेले. 'द पाटील केम' लिहिलं तर गावचे पोलीस पाटील येऊन गेले, कारण आता पाटील हे हुद्द्याचं नाव आहे आणि गावात तो हुद्दा एकालाच असतो. 'अ मिस्टर पाटील केम' लिहिलं तर कोणी एक पाटील, आपल्याला माहीत नसलेले. आणि 'द पाटील्स केम' लिहिलं असेल तर सगळं घरदारच येऊन गेलं. माणूस दारात आला तेवढाच, पण निरोप वाचून आई चहाचं आधण ठेवेल, की घरातला कर्ता माणूस टोपी घालून चावडीकडे निघेल, की शेजारी जाऊन "कोनता पाटील उना रे भो?" असं विचारेल, हे त्या एका जागेवर ठरतं.

आमच्या भाषेत 'द' नाही म्हणून आम्हाला ते येत नाही, असं पुष्कळ शिक्षक म्हणतात. ते मला कधीच पटलं नाही. शब्द नाही, जाण आहे. ऐका: 'मी कलेक्टर पाहिला' आणि 'मी कलेक्टरांना पाहिलं'. पहिल्यात कलेक्टर हा प्राणी कसा असतो ते मी आयुष्यात एकदा बघितलं. दुसऱ्यात आपले, या जिल्ह्याचे कलेक्टर मला बाजारात दिसले. इंग्रजी जे काम 'अ' आणि 'द' कडून करून घेतं ते मराठी इथे 'ला' आणि 'ना' या प्रत्ययांकडून करून घेते. आणि माणसाच्या नावाला तर आपण हा प्रत्यय एरवी न चुकता लावतो. 'मी शेजारच्या सुमनला पाहिलं' असंच म्हणतो. 'सुमन पाहिली' म्हणालो तर ऐकणारा विचारेल, कुठला सिनेमा? म्हणजे नाव हे मुळातच ठरलेलं, निश्चित असतं, हे मराठी माणसाच्या जिभेला ठाऊक आहे. त्याला नव्यानं शिकवायचं नाही, फक्त दाखवून द्यायचं आहे.

आणि मराठी याच्याही पुढे जाते. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याला गेलेली म्हातारी माणसं माझ्या लहानपणी सांगायची, "मी फैजपूरला गांधी पाहिला." गांधींना पाहिलं, असं ती म्हणत नसत. त्या वाक्यात गांधी हे एका माणसाचं नाव उरलेलं नाही. सूर्य पाहावा, समुद्र पाहावा, तसा गांधी पाहिला. इंग्रजीत ही भावना आणायची तर नाव सोडून पदवी घ्यावी लागते. 'महात्मा गांधी' ला उपपद नाही, पण नुसतं म्हणायचं तर 'द महात्मा'. बुद्धाचंही तसंच आहे. 'गौतम बुद्ध' मोकळा, एकटा आला की 'द बुद्ध', कारण बुद्ध म्हणजे जागा झालेला, हा त्या शब्दातला अर्थ अजून जिवंत आहे.

इंग्रजांनी आपल्या राजेरजवाड्यांची नावं कशी लिहिली, ते याच दृष्टीनं बघण्यासारखं आहे. पेशव्याला 'द पेशवा', निजामाला 'द निजाम'. ते हुद्दे होते, म्हणून ठीक. बडोद्याच्या गायकवाडांना मात्र त्यांनी 'द गायकवाड' लिहिलं, आणि त्यांच्याच बरोबरीचे शिंदे आणि होळकर बहुतेक जागी उपपदावाचून नुसते 'सिंदिया' आणि 'होळकर'. तिन्ही आडनावंच. एकाच्या आडनावाला साहेबानं हुद्दा समजून घेतलं आणि तसंच चालत राहिलं. वापर रुळला की व्याकरण मागून येतं, हे मुलांना सांगायला मला हे उदाहरण फार उपयोगी पडलं.

धुळ्याला जाणाऱ्यांना आग्रा रोड माहीत आहे. कापड घ्यायचं, भांडी घ्यायची, लग्नाचा बस्ता बांधायचा तर आग्रा रोड. एके काळी मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता तो हाच, म्हणून हे नाव. आता ट्रका बाहेरच्या हायवेनं जातात आणि आग्रा रोडवर बाजार भरतो. इंग्रजीत दोन्ही लिहून बघा. 'आय बॉट धिस सारी ऑन आग्रा रोड.' इथे 'द' नाही, कारण आग्रा रोड हे आता पेठेचं नाव आहे. त्यावरून आग्र्याला कुणी निघालेलं नाही. पण 'द ट्रक इज ऑन द आग्रा रोड' म्हटलं की आग्र्याकडे जाणारा तो रस्ता, आणि ट्रक शिरपूर ओलांडून सेंधव्याच्या घाटाला लागला असेल. शब्द तेच. एके काळचं वर्णन झिजत झिजत नाव झालं, आणि झालं त्या क्षणी उपपद गळून पडलं. विशेषनाम कसं जन्माला येतं हे दाखवायला मला याहून चांगली जागा सापडली नाही. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जायचो आणि रस्त्यावर उभं करून दोन्ही वाक्यं म्हणायला लावायचो.

तिथूनच जुन्या धुळ्याच्या गल्ल्यांत शिरता येतं. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याची नवी पेठ आखली. तिथल्या गल्ल्यांना आपण आजही नंबरानंच ओळखतो. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. नंबर लागला की ते नाव झालं, आणि 'द' नको. आपल्या मुलांच्या वह्यांत सर्वांत जास्त चूक इथे होते: 'द पेज 10', 'द प्लॅटफॉर्म नंबर 2', 'द गट नंबर' अमुक. सातबाऱ्यावरच्या गट नंबराला दुसरी कोणती ओळख लागते का? कोणता तुकडा हे त्या आकड्यानं सांगून टाकलेलं असतं.

प्रदेशांच्या नावांत मात्र हिशेब गुंतागुंतीचा आहे, आणि मला तिथे थोडा जास्त वेळ द्यावासा वाटतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाचा, 1880 चा. त्या मालिकेची इंग्रजी वाचताना दिसतं की दख्खन 'द डेक्कन' आहे, कोकण 'द कोकण' आहे, आणि खानदेश नुसता खानदेश. गुजरात नुसता. वऱ्हाडही नुसता 'बेरार'. दख्खनचं कारण समजतं. दख्खन म्हणजे दक्षिण, ती दिशा आहे, आणि दिशेला इंग्रजी 'द' लावते. खानदेशाच्या नावात देश हा शब्द आहेच, पण तो फारुकी राजांच्या 'खान' या किताबाला असा चिकटलाय की वेगळा ऐकू येत नाही. इंग्लंडमधला लँड जसा वेगळा ऐकू येत नाही तसा. सांधा दिसेनासा झाला की उपपदाला बसायला जागा नाही. कोकणाला 'द' का, याला मात्र असं सोपं कारण देता येत नाही. लिहीत आले, म्हणून लिहीत राहिले.

आणि आपल्या पश्चिमेला सीमेला लागून डांग. नाव मराठीत एकवचनी, पण इंग्रजी कागदांत 'द डांग्ज'. कारण भिल्ल राजांच्या ताब्यातले ते अनेक लहान लहान डांग होते, आणि इंग्रजांनी त्यांचा एकत्र उल्लेख अनेकवचनात केला. अनेकवचनी नावाला 'द' लागतोच. तमिळनाडूतला 'द नीलगिरीज' तसा, फिलिपिन्स, मालदीव, नेदरलँड्स तसे. 1960 ला डांग गुजरातेत गेला, तरी तो 'द' नावाबरोबर गेला.

पंजाबचं मला विशेष वाटतं. पाच नद्यांचा प्रदेश, म्हणून इंग्रज 'द पंजाब' लिहीत. लाहोरच्या 1882 च्या विद्यापीठाच्या इंग्रजी नावात तो 'द' आजही आहे. फाळणीनंतरच्या आपल्या चंडीगडच्या विद्यापीठाच्या नावात नाही. युक्रेनचं तर जगानं पाहिलं. सोव्हिएत संघाचा भाग असताना इंग्रजी वर्तमानपत्रं 'द युक्रेन' लिहीत, जणू कुणाच्या तरी राज्याचा तो एक मुलूख. 1991 ला तो देश स्वतंत्र झाला आणि तिथल्या लोकांनी आग्रह धरला की आमच्या नावाआधी काही लावू नका. हळूहळू सगळ्यांनी ते मानलं. उलट आफ्रिकेतल्या गँबियानं आपला 'द' मुद्दाम ठेवून घेतला, झांबियाशी घोटाळा होऊ नये म्हणून. उपपद लावणं न लावणं ही ज्याचं नाव त्याची मर्जी आहे, आणि ती मानायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात इंडिया आणि भारत ही दोन्ही नावं उपपदाशिवाय उभी आहेत.

ग्रंथांच्या नावांबद्दल एकच सांगतो, कारण ते आपल्या जिल्ह्यातलं आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. इंग्रजीत ती 'टॉक्स ऑन द गीता' झाली. 'द' आहे. पण त्याच विनोबांच्या मराठी 'गीताई' बद्दल इंग्रजीत लिहाल तर 'द' नाही. धर्मग्रंथाच्या नावाला इंग्रजी 'द' लावते. बायबल, कुराण, वेद, सगळ्यांना. एका लेखकानं आपल्या पुस्तकाला ठेवलेल्या नावाला लावत नाही. आणि जाता जाता तुरुंगाचंही. गुरुजी 'इन जेल' होते. त्यांना भेटायला कुणी गेलं असेल तर तो 'इन द जेल' होता. कैद भोगणाऱ्याला उपपद नाही, भिंती बघून परत येणाऱ्याला आहे.

संस्थांच्या आद्याक्षरांचा नियम सोपा आहे. शब्दासारखं म्हणता आलं तर मोकळं, म्हणून नाबार्ड, इस्रो. एकेक अक्षर सुटं म्हणावं लागलं तर बहुधा 'द', म्हणून 'द आरबीआय'. पुढे जातो.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आज शिंदखेड्यातलं सहा वर्षांचं पोर 'फादर' आणि 'मदर' म्हणतं. त्या पोराला माहीत नसतं की ते किती अवघड गोष्ट बरोबर करतंय. 'मदर इज इन द फील्ड.' शेताला 'द', आईला नाही. आई हे खरं तर सामान्यनाम, जगात आया कोट्यवधी. पण घरात आई म्हटलं की कोणती, असं कुणी विचारत नाही. म्हणून इंग्रजीतही ते नाव होतं आणि उपपद गळतं.

माझ्या त्या अर्जाकडे परत येतो. सरांनी तो त्या संध्याकाळी वाळूतच दुरुस्त केला. शिंदखेड्याआधीचा 'द' उचलून बुराईआधी ठेवला, आणि बँकेआधी आणखी एक घातला. कागद परत देताना म्हणाले, "एक दिवस येईल, तेव्हा तुला 'द शिंदखेडा' लिहावं लागेल आणि ते बरोबर असेल." मला कळलं नाही. नोकरीसाठी गाव सुटलं, बरीच वर्षं गेली, आणि एकदा परप्रांतातल्या मित्राला पत्र लिहिताना मी लिहून गेलो: 'द शिंदखेडा ऑफ माय चाइल्डहूड'. माझ्या लहानपणचं शिंदखेडा. लिहिलं आणि पेन थांबलं. शिंदखेडे आता दोन झाले होते. एक इथे आहे, एसटी स्टँडचं, नव्या दुकानांचं. दुसरं झिऱ्यांचं आणि पत्र्याच्या पाटीचं. साहेबांच्या प्रश्नाला, किती आहेत, माझ्यापाशी खरोखरच उत्तर होतं. पण ते पत्र दाखवायला सर नव्हते.

गेल्या आठवड्यात या कार्यक्रमाच्या पत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. वरच्या ओळीत सरांचं नाव, पुढे मेमोरियल लेक्चर, आणि सगळ्याच्या आधी 'द'. तो बरोबर होता. तो लेक्चरचा आहे, सरांच्या नावाचा नाही, सोसायटीच्या पाटीसारखाच. खालच्या परिचयात मात्र प्रूफ आणणाऱ्या मुलानं लिहिलं होतं, 'द सर टॉट अस इंग्लिश.' मी 'द' वर रेघ मारली. तो मुलगा कॉलेजातला, हुशार. म्हणाला, "पण काका, सर पुष्कळ असतात. कोणते सर, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?"

मी त्याला विचारलं, "पत्रिका शिंदखेड्यातच वाटायच्यात ना?"